पाच तारा आणि चुलतभावाचं शेत

पोशीरच्या भजनी मंडळात माझी पेटी सुरू झाली की उल्हास नदी वाहायची थांबते, असं लोक सांगतात. म्हणजे मी सांगतो, आणि लोक ऐकून घेतात. नोकरी भिवपुरीच्या वीजघरात झाली. तिथे एकदा एक टर्बाइन बेफाम सुटलं होतं, ते मी छत्रीच्या दांड्यानं थांबवलं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की हल्ली ती छत्री कुणी दिली होती तेसुद्धा मला आठवायला लागलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं खरं आहे, आणि खरं आहे हे एका माणसाला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. खोटं पटवायला मला कधी एवढा त्रास झाला नव्हता.

निवृत्त माणसानं घरात बसू नये. बसला की बायको त्याच्यापुढे तांदूळ निवडायला ठेवते. म्हणून मी वायरिंगची किरकोळ कामं घ्यायला लागलो, आणि त्यातलं एक काम खालापूरकडे निघालं. कुंभिवलीजवळ हायवे सोडून आत वळलं की एक बसका बंगला आहे. मुंबईच्या शाळेत जन्मभर पियानो शिकवलेल्या एक बाई तिथे एकट्या राहतात. त्यांचा इन्व्हर्टर रात्रंदिवस कण्हत होता. मी तो उघडला, आणि मान वर केली तर कोपऱ्यात पियानो. काळा, तुळतुळीत, आमच्या गोठ्यातल्या म्हशीएवढा, आणि तिच्यापेक्षा दात जास्त.

बाई चहा करायला आत गेल्या तेवढ्यात मी बसलो. उजव्या हातानं एका अभंगाची चाल काढली, काळी चारमध्ये. आमचे बुवा काळी चारच्या पट्टीत गातात, त्यामुळे मला दाराची कडीसुद्धा काळी चारमध्ये वाजलेली ऐकू येते. चाल झकास निघाली. बाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, पण त्या बघत होत्या माझ्या डाव्या हाताकडे. तो पियानोच्या बाजूला हवेत पुढे-मागे, पुढे-मागे हलत होता. भाता मारत होता बिचारा. उभ्या आयुष्यात त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं.

"ह्याला वारा घालावा लागत नाही," बाई म्हणाल्या. "त्या हातालाही वाजवू द्या की."

मग त्यांनीच सुचवलं. त्या मला शिकवतील, मी त्यांचं वायरिंग सांभाळायचं. अट एकच, शिकायचं ते कागद वाचून. कानानं नाही.

घरी सांगितलं तर बायकोनं लाटणं थांबवलं. "फुकट कोन शिकवतं अवो? आनि ह्या वयात? आनि कुंभिवलीपातुर जाऊन?" तिच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरानं तिचा संशय आणखी फुगत गेला. शेवटी एका रविवारी ती स्वतः मोटरसायकलवर मागे बसून आली, बाईंना नीट न्याहाळलं, त्यांच्या हातचा चहा प्यायली आणि परतताना म्हणाली की बाई चांगली आहे, पण साखर कमी घालते, लक्ष ठेवा.

खरा संशय मला आला तो त्या कागदाचा. पाच रेघा वर, पाच रेघा खाली. वरच्या उजव्या हाताच्या, खालच्या डाव्या हाताच्या. इथपर्यंत ठीक. पण वरच्या पाचांत तळाच्या रेघेवर ठिपका असला की तो ग, आणि खालच्या पाचांत तस्साच ठिपका तश्शाच तळाच्या रेघेवर असला की तो प. तोच माणूस वरच्या मजल्यावर मामा आणि खालच्या मजल्यावर काका, असा कारभार. मी बाईंना विचारलं, ही फसवणूक कुणी सुरू केली? त्या म्हणाल्या, सुरुवातीची खूण बघा, वर वेगळी आहे, खाली वेगळी आहे, त्यावरून कळतं. वरची खूण जिलबीवाल्याचा हात घसरल्यासारखी. खालची कानासारखी, पुढे दोन टिकल्या. म्हणजे दारावरची पाटी वाचल्याशिवाय आत कोण राहतं ते कळणार नाही. शिवाय ठिपका भरीव असला तर एवढा वेळ, पोकळ असला तर दुप्पट. आणि गप्प बसायचीसुद्धा वेगळी खूण. ती खूण बायकोला फार आवडली. घरात लावता येईल का, असं तिनं विचारलं.

बाईंचा माझ्यावर संशय होता, आणि तो बरोबर होता. त्या एकदा वाजवून दाखवायच्या, मी ऐकून घ्यायचो, मग कागदावर डोळे रोखून, मधूनच चष्मा सारखा करत, सगळं धडाधड वाजवून टाकायचो. एके दिवशी त्यांनी मुद्दाम कागदावर नव्हतं तेच वाजवलं. मी त्यांची चूक जशीच्या तशी, चष्मा सारखा करत, वाजवून दाखवली. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर आधी काहीही वाजवलं नाही. पियानोजवळ गुणगुणायचीसुद्धा त्यांनी बंदी करून घेतली, स्वतःला.

आता खरंच वाचणं आलं. बारीक अक्षर माझ्या डोळ्यांना झेपेना, म्हणून मी तो धडा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड मार्करनं मोठा करून उतरवला. धडा लहान पोरांचा, पण कॅलेंडरभर पसरल्यावर भारदस्त दिसायला लागला. लांबलचक पाच रेघा, त्यांवर ठिपके, ठिपक्यांना उभ्या काठ्या. काही काठ्या वरून आडव्या पट्टीनं जोडलेल्या. मध्ये मध्ये उभ्या रेघा पाडून केलेले कप्पे. आणि सूर तोडायचा नाही अशी खूण म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत टाकलेला लांब झोल. तो कागद मी ओटीवरच्या भिंतीला लावला. पेटीवर डाव्या हाताला भात्यापासून सुटका नाही, म्हणून दार लावून घ्यायचो आणि पाटावर दोन्ही हातांची बोटं आपटत बसायचो.

दार लावायचं कारण अब्रू. पंचक्रोशीतला एक नंबरचा पेटीवाला साठी उलटल्यावर बालवाडीचा धडा गिरवतोय, हे गावात कळलं असतं तर बुवांनी हरिपाठातसुद्धा टोमणा घातला असता.

आमचा चुलतभाऊ शेजारीच राहतो. माझ्याहून धाकटा. त्याचं शेत आणि माझं शेत यांच्यात एकच बांध. माणूस सरळ, कष्टाळू, पण संशयी इतका की दुकानातून मीठ आणलं तरी खारट आहे का ते चाखून बघतो. तो एका दुपारी दार ढकलून आत आला. मी पाटावर बोटं आपटत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं आणि मग भिंतीकडे बघत उभा राहिला.

"दादा, ह्यो नकाशा कसला रं?"

लाजेपोटी माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे काहीतरी. इतक्यात कुणाजवळ बोलू नको."

"खालापूरवरनं आनलास?"

हो म्हटलं. त्यानं बोट न लावता हवेतूनच पाच रेघांवरून हात फिरवला. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात. झोलाच्या खालून गेला, वर आला. खांब मोजल्यासारखे त्याचे ओठ हलत होते. मग चहा अर्धा ठेवून निघून गेला. त्यानं चहा टाकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण वीजघरातल्या माणसाच्या डोक्यातला दिवा नेहमी उशिरा लागतो.

दिवा लावला बायकोनं. ती पिठाच्या गिरणीवरून आली ती पिठाचा डबा दारातच ठेवून. जावेनं तिला सांगितलं होतं की ते शेत विकतायत. नेरळकडचा एक दलाल बरेच दिवस मागे लागला होता, त्याला होकार कळवला. शुक्रवारी इसार. कारण काय, तर पोशीरवरून उच्च दाबाची लाईन जाणार आहे, थोरल्या भावजींनी तिचा नकाशा आधीच मिळवलाय, भिंतीवर लावलाय. पाच तारा आहेत. खांबसुद्धा दाखवलेत. टॉवर उभा राहिला की खालच्या जमिनीवर घर बांधता येत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून बातमी फुटायच्या आत विकून मोकळं व्हायचं.

मी भिंतीकडे बघितलं. आणि खरं सांगतो, मलाही तारा दिसल्या. कप्पे म्हणजे बांध. काठ्या म्हणजे खांब. जोडलेल्या काठ्या म्हणजे टॉवर. झोल म्हणजे उन्हानं सैल पडलेली तार. सुरुवातीची ती जिलबी तर सरळसरळ वीजघराची खूण. आमच्या भागात कुणाच्या जमिनीवरून काय जाईल याचा नेम नाही. रस्ता, रेल्वे, पाईप, काही ना काही आखलेलंच असतं, आणि ते आधी कुणाच्या तरी भिंतीवर दिसतं, मग शेतात. त्याची काय चूक?

पण ते शेत म्हणजे शेत होतं. नदीकडचं, ओल धरणारं. भात काढलं की त्याच ओलीवर वाल. त्याच्याकडे दुसरी जमीन नाही. ते गेलं असतं तर त्याच्याजवळ घर उरलं असतं आणि संशय.

मी तसाच शेतावर गेलो. तो वालाच्या शेंगा बघत उकिडवा बसला होता. मी सांगितलं की तो नकाशा नाही, गाणं आहे. पियानोचं. मी शिकतोय.

तो उठलासुद्धा नाही. "गानं हाय तर भजनासारकं दार उघडं ठेवून म्हनायचंस. दार कशाला लावलंस?"

मी लाज सांगितली. त्याला पटली नाही. मला लाज वाटते हे गावात कुणालाच पटलं नसतं. त्याचा हिशेब पक्का होता. लाईन येणार म्हणून दादानं नकाशा लपवला. आता त्याला कळलंय की मी विकतोय, म्हणून तो मला थांबवायला आलाय. मी थांबलो की दादा आपली जमीन आधी विकणार, आणि मी बसणार तारेखाली. मी म्हटलं, तलाठ्याकडे जाऊन विचार. तो म्हणाला, तलाठ्याला कळेपातुर तारेवर कावळं बसलेलं असत्याल. मी आईची शपथ घेतली.

"टर्बाइन छत्रीनं थांबवलंस तवाबी आईचीच घेतली व्हतीस," तो म्हणाला.

माझी आजवरची सगळी कमाई त्या बांधावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. शेवटी मी म्हटलं, चल कुंभिवलीला. तुझ्या डोळ्यांदेखत वाजवतो. नाही पटलं तर खुशाल इसार घे.

गुरुवारी सकाळी निघालो. कॅलेंडर त्यानं स्वतः भिंतीवरून काढलं, गुंडाळी केली आणि काखेत धरून मोटरसायकलवर मागे बसला. माझ्या हातात द्यायला तयार नव्हता, वाटेत बदलेन म्हणून. कर्जतला चहाला थांबलो तर एका हातानं बशी धरून प्यायला, काख उघडली नाही. चौकचा रस्ता, मग हायवे, ट्रकांची धूळ. मागून तो एकदाच बोलला. ती बाई कंपनीची आहे का, विचारलं. म्हटलं, शाळेची. मग त्यानं काख आणखी घट्ट केली.

बाईंना मी फोनवर थोडक्यात सांगून ठेवलं होतं. त्यांनी हसू आवरून दार उघडलं. भावानं पियानोभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, मग कॅलेंडर उलगडून पियानोवर टेकवलं.

मी अख्खा धडा वाजवला. दोन्ही हातांनी, एकदाही न अडखळता. स्वतःवरच खूश झालो आणि मान वळवली.

भावाचं तोंड तसंच. "ह्ये तर तू डोळं मिटूनबी वाजवशील. भजनात कंदी कागूद बगतोस? पुढ्यात वाण्याचं बिल ठेवलं तरी तू ह्येच वाजवशील."

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू त्यांचीच तक्रार कुणीतरी शेतावरून घेऊन आलं होतं. धडा मला पाठ झाला होता, हे खरंच होतं.

मग त्यानं खिशातून पेन काढलं. कॅलेंडरवर तळाशी जागा उरली होती, तिथे मी रेघा आखून ठेवलेल्या होत्या, पुढच्या धड्यासाठी. बाईंकडून त्यानं दोन्ही पाट्या काढून घेतल्या, वरच्या रेघांना जिलबी, खालच्यांना कान. नंतर बाईंना म्हणाला, "बाय, राग मानू नका, पन तुमी जरा भायेर बसा. गेटापाशी." बाई मुकाट्यानं गेल्या. खिडकीतून दिसतात की नाही ते त्यानं पाहून घेतलं. मग कागदावर ओणवा झाला आणि भाताची रोपं रोवावीत तसे ठिपके रोवत सुटला. चार वर, तीन खाली, पुन्हा वर. प्रत्येकाला काठी काढली. मी म्हटलं काठी विसरलास तरी चालेल, तर म्हणाला, खांबाबिगर तार ऱ्हाईल कशी?

"आता ह्ये वाजव."

हे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. माझे कान, ज्यांच्या जिवावर मी आयुष्य काढलं, ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. मी रेघा मोजल्या. तळापासून मोजल्या, चुकलो, पुन्हा मोजल्या. एक सूर लावला. पुढचा शोधला. डावा हात मध्येच भाता मारायला निघाला, त्याला परत आणला. कपाळावरचा घाम पियानोवर पडला. निघाला तो आवाज असा, की पत्र्याच्या शेडवरून शेळी चालली आहे आणि तिलाही कुठे जायचं ते माहीत नाही.

भाऊ उठला. त्यानं मला बाहेर काढलं, गेटापाशी उभं केलं आणि बाईंना आत नेलं. तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला. बाई आणि मी दारात एकमेकांसमोर आलो तेव्हा त्यानं मध्ये हात धरला होता, खूणबीण करू नये म्हणून.

मी गेटला टेकून ऐकत होतो. हायवेवरून कंटेनर गेला, मग आतून शेळी चालायला लागली. तीच. तोच पत्रा, तेच पाय. पहिला सूर जुळला, दुसरा जुळला. आणि मग एक सूर आला तो माझा नव्हता. मी तिथे नी लावला होता. बाईंनी रे लावला. पुढचे पुन्हा जुळले, शेवटपर्यंत. पण तो एक गेला होता, आणि त्याच्याबरोबर शेत गेलं, असं मला गेटापाशीच दिसलं.

तो दारात आला. काही कळू नये असं तोंड.

"एक खांब जुळला नाय, दादा."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे अशा वेळी निदान पाच कारणं तयार असतात. पियानो जुना आहे, हवा दमट आहे, कंटेनर गेला. एकही बाहेर येईना. मागून बाई आल्या, आणि भावासमोरच मला झापायला लागल्या. डाव्या हाताची मधली रेघ म्हणजे रे, हे किती वेळा सांगायचं? वरच्यासारखीच वाचलीत ना? दर रविवारी हीच चूक, खालची पाटी बघायचीच नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. तिथे कुणी पोशीरचं नव्हतं म्हणून बरं. म्हणजे एकजण होता.

भाऊ आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत राहिला. मग आत जाऊन त्यानं तो ठिपका बोटानं दाबून बघितला, जणू चूक ओली आहे की वाळलेली. बाहेर येऊन पायरीवर बसला.

"ठरवून आलं असतं तुमी दोगं, तर ह्यो बी जुळला असता," तो हळूहळू बोलला. "आनि दादा, तू खोटं बोलताना कंदी अडकत नायस. नदी थांबवतोस तवाबी नाय. आज पयल्यांदा तुला येका येका पावलाला अडकताना बगितला." मग म्हणाला, "लय वंगाळ वाजवलंस. खरं हाय ते."

माझ्या वाजवण्याला आजवर हार मिळाले, नारळ मिळाले, एकदा तर कोंबडा मिळाला. पण त्या शब्दांएवढं समाधान कशानं दिलं नाही.

त्यानं तिथूनच दलालाला फोन लावला. जमीन द्यायची नाही, एवढंच म्हणाला. तिकडून का म्हणून विचारलं असावं. "आसंच," म्हणाला आणि ठेवून दिला. बाईंनी चहा दिला. तो त्यानं पूर्ण प्यायला, आणि साखरेबद्दल काही बोलला नाही.

परतताना कर्जत यायच्या आत दलालाचा फोन पुन्हा आला. भाव वाढवतो म्हणाला. मग नेरळच्या अलीकडे आणखी एकदा. "आसंच" या शब्दानं त्याची झोप उडाली होती. ह्याला काहीतरी कळलंय, ह्याच्या शेतावरून काहीतरी मोठं जाणार आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं असणार. भाऊ मागून माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यो येवडा का मागं लागलाय रं?" आणि मला कळलं की आता हे काही इतक्यात संपत नाही.

घरी न जाता त्यानं मला शेताकडे गाडी वळवायला लावली. उतरला, बांधावर चढला. वाल गुडघ्याएवढा आला होता, शेंगा भरायला लागल्या होत्या. तो शेंगांकडे न बघता मान मागे टाकून वर बघत राहिला, या बांधापासून त्या बांधापर्यंत. खिशातला फोन वाजत होता, तो त्यानं वाजू दिला.

मीही गाडी स्टँडला लावली आणि त्याच्या शेजारी जाऊन वर बघितलं. कागद माझा, धडा माझा, सगळं मला माहीत. तरी नीट बघून घेतलं.